व्हायनलऐवजी लॅपटॉपवर डीजे सेट: नेमके काय बदलते?

ठेकेदार (धागाकर्ता)

व्हायनलच्या रेकॉर्डवर वाजवतो तो खरा डीजे आणि लॅपटॉप उघडतो तो नुसता बटणे दाबणारा, असा सूर येथे संगीताच्या दर दुसऱ्या चर्चेत लागतो. हा वाद हिरिरीने घालणाऱ्यांपैकी अनेकांनी लॅपटॉपच्या जोडीने रेकॉर्ड कशी वाजवतात हे जवळून पाहिलेले नसते, असा माझा अनुभव आहे. म्हणून आधी ती यंत्रणा मांडतो आणि मग माझे मत.

मी ज्या पद्धतीबद्दल लिहितो आहे तिच्यात रेकॉर्ड फिरवणारी दोन्ही यंत्रे, म्हणजे टर्नटेबल, जागेवरच असतात, सुई असते आणि रेकॉर्डही फिरत असते. मात्र त्या रेकॉर्डमध्ये गाणे नसते. ती घरच्या साध्या प्लेअरवर लावली तर एकसुरी, कानात घुसणारी शिट्टी ऐकू येते. ही शिट्टी लॅपटॉपमधला प्रोग्रॅम वाचतो आणि तिच्या चालीने डिस्कवरचे गाणे वाजवतो. सेराटो या कंपनीच्या अशा कंट्रोल रेकॉर्डमध्ये ती १००० हर्ट्झची आहे. तबकडी तिच्या नेमक्या वेगाने, म्हणजे मिनिटाला तेहेतीस आणि एक तृतीयांश फेऱ्यांनी फिरत असेल तर संगणकाला १००० हर्ट्झ मिळतात, आणि हाताने वेग निम्म्यावर आणला की ५००. डाव्या आणि उजव्या वाहिनीतला स्वर एकमेकांपासून पाव आवर्तन सरकवलेला असतो, त्यामुळे कोणती वाहिनी पुढे आहे यावरून तबकडी पुढे चालली आहे की मागे ओढली जात आहे, हेही समजते. त्याच स्वरात जागेचे सांकेतिक आकडे गुंफलेले असल्यामुळे सुई उचलून तीन मिनिटांनंतरच्या खाचेत ठेवली, तर डिस्कवरचे गाणेही तीन मिनिटांवर उडी घेते. थोडक्यात, हाताखाली रेकॉर्ड राहते आणि संगीत तेवढे तिच्यातून बाहेर पडते.

ही कल्पना नवी नाही. नेदरलँड्समधल्या एन-टू-आय-टी या कंपनीने १९९० च्या दशकाच्या अखेरीस 'फायनल स्क्रॅच' ही अशी यंत्रणा दाखवली. रिची हॉटिन आणि जॉन अॅक्वाव्हिवा हे डीजे सुरुवातीपासून त्याच्याशी जोडलेले होते आणि पुढे स्टँटन या कंपनीने ते बाजारात आणले. २००४ मध्ये न्यूझीलंडच्या सेराटोने रेन या कंपनीबरोबर 'स्क्रॅच लाइव्ह' आणले, आणि त्यानंतर मोठ्या क्लबांत मिक्सरशेजारी लॅपटॉप दिसणे नेहमीचे झाले.

आता मत. लॅपटॉपमुळे डीजेचे कष्ट वाचले असे मला वाटत नाही; ते कार्यक्रमाच्या रात्रीतून उचलले गेले आणि आधीच्या आठवड्यात जाऊन पडले. ऐंशी-नव्वद रेकॉर्डची पेटी पंधरा-वीस किलोंची होते, त्यामुळे घरातून निघतानाच निवड करावी लागे आणि त्या निवडीलाच एक बांधणी येई. डिस्कवर वीस हजार गाणी घेऊन जाणारा माणूस ही निवड पुढे ढकलू शकतो, आणि ढकलली की लोकांसमोर उभे राहून तो यादी वरखाली करत बसतो. लॅपटॉपवरचे जे सेट मला फिके वाटले, त्यांत तांत्रिक चुका क्वचितच होत्या. वाजवणाऱ्याने घरी बसून आपल्या गाण्यांशी ओळख करून घेतलेली नव्हती, हे मात्र दर वेळी जाणवले. या मुद्द्यावर जाणकारांची मते वाचायला आवडतील.

खर्जातला

यंत्रणा नेमकी मांडलीत, त्याबद्दल आभार. मताशी अर्धाच सहमत आहे.

टेक्निक्सच्या एसएल-१२०० या टर्नटेबलची दुसरी आवृत्ती अजूनही क्लबचे प्रमाण मानली जाते, त्याला कारण आहे. तिच्यात पट्टा नसतो, मोटर थेट थाळीखाली असते, आणि सुरू केल्यावर ०.७ सेकंदांत थाळी पूर्ण वेगात येते. वेग कमी-जास्त करणारी सरकपट्टी, म्हणजे पिच फेडर, अधिक-उणे ८ टक्के. एवढ्या साधनांवर डीजेला दोन गाण्यांची लय जुळवावी लागे: एका कानावर हेडफोन, दुसरा कान मोकळा, आणि तबकडीच्या कडेला बोटाचा अलगद स्पर्श. हे कानाचे शिक्षण होते. ठेका निसटायला लागतो तो आधी दोन किकच्या, म्हणजे ढोलाच्या ठोक्यांच्या, मधल्या पोकळपणातून कळतो, आणि तो पोकळपणा ऐकू यायला कित्येक महिने लागतात.

लॅपटॉप आला की समोर पडद्यावर दोन गाण्यांच्या आवाजाच्या लहरी एकाखाली एक धावू लागतात आणि शिखरे जुळली की माणूस निश्चिंत होतो. तुम्ही म्हणता त्या पद्धतीत हाताखाली रेकॉर्ड राहते हे खरे आहे, पण जे काम कानाने करायचे ते डोळ्यांकडे जाते. शिवाय नजर पडद्याला खिळलेली असली की समोरचे लोक दिसत नाहीत. नाचणाऱ्यांपैकी मागच्या रांगा कधी सुटायला लागल्या, हे लहरी सांगत नाहीत.

दुसरी तक्रार दोन गाण्यांची लय आपोआप जुळवणाऱ्या सिंकच्या बटणाबद्दल आहे, पण ती सगळ्यांना पाठ असल्यामुळे येथे लांबवत नाही.

मांडवीकाठ

डीजे म्हणजे मुळात व्हायनल आणि बाकी सगळे नंतरचे, हे गृहीतक या चर्चेत न तपासता आले आहे. गोव्यात तसे घडले नाही.

हणजूणच्या किनाऱ्यावर ऐंशीच्या दशकात ज्या पार्ट्या होत, त्यांत संगीत मुख्यतः कॅसेटवर वाजे आणि पुढे डॅटवर, म्हणजे डिजिटल ऑडिओ टेपवर. उघड्यावरची धूळ, वाळू आणि ऊन यांत रेकॉर्ड वाकते आणि सुई नाचते. परदेशातून विमानाने येणाऱ्याला वजनाचाही प्रश्न होताच. सोनीने १९८७ मध्ये डॅट आणल्यावर ही मंडळी तिच्याकडे वळली, कारण खिशात मावणाऱ्या फितीवर डिजिटल दर्जाचा आवाज मिळत होता. एकमेकांच्या अप्रकाशित रचना तिथल्या तिथे उतरवून घेता येत, हा आणखी एक फायदा. या पार्ट्यांतले जुने डीजे गोवा गिल यांचे २०२३ मध्ये निधन झाले. जग सीडीवर आणि नंतर लॅपटॉपवर गेले तरी ते कित्येक वर्षे डॅटवरच वाजवत राहिले.

डॅट यंत्रावर टर्नटेबलसारखा पिच फेडर नसे, म्हणजे खर्जातला म्हणतात तशी लय जुळवणे जवळपास अशक्यच. त्यामुळे एका रचनेचा ठेका विरल्यावर दुसरीचा ठेका नसलेला आरंभ तिच्यावर चढवायचा, अशी पद्धत रुळली. या पार्ट्यांतून घडलेल्या गोवा ट्रान्स या संगीतप्रकारातल्या अनेक रचनांचे आरंभ आणि शेवट लांबलचक व तरंगते असतात, त्यामागे हेही एक कारण सांगितले जाते. साधनाची मर्यादा संगीताच्या घाटात उतरते, हा माझा मुद्दा. लॅपटॉपने संगीताला कोणता घाट दिला, हे विचारणे मला खरे-खोटे ठरवण्यापेक्षा जास्त उपयोगाचे वाटते.

ठेकेदार

मांडवीकाठ, उत्तम प्रतिसाद. डॅटचा संदर्भ माझ्या डोक्यात आला नव्हता.

खर्जातला यांच्या डोळे-कान या मुद्द्याला माझे उत्तर असे. सिंक आणि लहरी ज्या संगीतासाठी घडवल्या गेल्या ते यंत्रावर बनलेले संगीत आहे. मिनिटाला १२८ ठोके म्हटले की पहिल्या ठोक्यापासून शेवटच्यापर्यंत १२८. आपल्याकडे साठ-सत्तरच्या दशकातले एखादे चित्रपटगीत घ्या. संपूर्ण वाद्यवृंद एकत्र बसवून, कानात क्लिक न देता ते ध्वनिमुद्रित झालेले असते. मुखड्याला ११२ असलेली लय दुसऱ्या अंतऱ्यापर्यंत ११५ च्या आसपास चढलेली असते आणि ढोलकीवाला तोडा घेऊन समेवर येताना ती पुन्हा जराशी बसते. प्रोग्रॅमने आखलेली ठोक्यांची जाळी, म्हणजे बीटग्रिड, पहिल्या मिनिटानंतर ठेक्यावरून घसरते आणि सिंकचे बटण आत्मविश्वासाने चुकीच्या जागी जुळवणी करून देते. काही प्रोग्रॅममध्ये ग्रिड जागोजागी ताणता येते, पण एका गाण्याला त्यासाठी बराच वेळ द्यावा लागतो.

दादऱ्याच्या अंगाने जाणाऱ्या गाण्यांची तऱ्हा तर आणखी निराळी आहे. चार-चारच्या गटांची सवय असलेले गणित सहा मात्रांना भलताच वेग लावते, आणि १४० चे गाणे पडद्यावर ९३ दिसते. ते ९३ पाहून शेजारी ९३ चे गाणे लावणाऱ्याची फजिती सांगायला नको. म्हणजे आपले जुने संगीत लॅपटॉपवर वाजवायचे असेल, तर तुम्ही म्हणता ते कानाचे शिक्षण टाळताच येत नाही. पडदा झाकून सराव करावा, असे मी नवशिक्यांना सांगतो.

वरातीतला

मी लग्ने, हळदी आणि मंडळांचे कार्यक्रम वाजवतो. क्लबातला वाद आम्हाला थोडा परका आहे, पण एक गोष्ट सांगावीशी वाटते.

हिंदी-मराठी गाणी रेकॉर्डवरून मिसळणे मुळातच अवघड होते. परदेशात डीजेंसाठी बारा इंची सिंगल निघत. एका बाजूला एकच गाणे, रुंद खाचा, दणदणीत बास आणि सुरुवातीला नुसता ठेका, म्हणजे मागच्या गाण्यात ते मिसळायला जागा. आपल्याकडे एलपीवर एका बाजूला चार-पाच गाणी दाटीने बसवलेली, त्यामुळे आवाजाची पातळी खाली, आणि गाणे सुरू होते ते थेट सनईने किंवा आलापाने. जोडायचे कुठे? लॅपटॉपवर मी आधीच त्या गाण्याच्या मधल्या संगीताचा आठ मात्रांचा तुकडा उचलून चार वेळा पुढे लावतो आणि गाण्याला स्वतःचा उंबरठा करून देतो. हे काम घरी, दुपारी, हेडफोन लावून होते. हळदीत कुणाला ते कळतही नाही आणि कळायची गरजही नाही.

दुसरे म्हणजे फर्माईश. वराची आत्या पुढे येऊन एखादे जुने कोळीगीत मागते, तेव्हा ते अर्ध्या मिनिटात सापडले पाहिजे. पेटीत असते तरी सापडले नसते.

बफर_भरला

ज्यांना ही यंत्रणा लावायची आहे त्यांच्यासाठी थोडे तांत्रिक लिहितो, कारण लॅपटॉपवरच्या निम्म्या तक्रारी खरे तर मांडणीच्या असतात.

पहिली गोष्ट विलंबाची. सेकंदाला ४४,१०० नमुन्यांच्या दराने १२८ नमुन्यांचा बफर (संगणक आवाज क्षणभर साठवतो तो तुकडा) म्हणजे साधारण २.९ मिलिसेकंद, आणि ५१२ चा म्हणजे ११.६. सुईकडून आत येताना एकदा आणि मिक्सरकडे बाहेर जाताना पुन्हा एकदा थांबावे लागत असल्यामुळे प्रत्यक्ष विलंब याहून जास्त भरतो. नुसते मिसळायचे असेल तर तो जाणवत नाही. स्क्रॅच करायचे, म्हणजे रेकॉर्ड हाताने पुढेमागे घासायची असेल तर हात आणि आवाज यांच्यात रबर ताणल्यासारखे वाटते. बफर जितका लहान करता येईल तितका करावा, पण आवाज तडकू लागला की एक पायरी वर यावे. याच संदर्भात हेही लक्षात घ्यावे की आवाज एका मिलिसेकंदात साधारण ३४ सेंटिमीटर जातो. मॉनिटर स्पीकर तीन मीटर दूर असेल तर तिथेच नऊएक मिलिसेकंद गेले. लॅपटॉपला दोष देण्याआधी मॉनिटर जवळ ओढून पाहावा.

दुसरी गोष्ट कॅलिब्रेशनची, आणि हीच सर्वांत दुर्लक्षित. सेराटोच्या सेटिंगमध्ये सुईकडून येणारा संकेत एका चौकटीत दिसतो. डावी वाहिनी आडव्या अक्षावर, उजवी उभ्या अक्षावर, आणि दोघींत पाव आवर्तनाचे अंतर, त्यामुळे फिरणाऱ्या रेकॉर्डचे तेथे हिरवे वर्तुळ उमटते. वर्तुळ गोल आणि स्वच्छ असेल तर सगळे ठीक. ते अंडाकृती झाले तर दोन वाहिन्यांचा तोल बिघडला आहे. कडा केसाळ दिसू लागल्या तर सुईवर धूळ आहे किंवा रेकॉर्ड झिजली आहे. वर्तुळाऐवजी एकच रेघ दिसली तर एक वाहिनी मेली आहे. बहुतेक वेळा सुई बसवलेल्या कार्ट्रिजचे चार पितळी टोक पुसून पुन्हा बसवले की ती परत येते. किती लहान संकेत हालचाल मानायचा ती उंबरठ्याची पातळी ठरवताना सुई थांबलेल्या रेकॉर्डवर ठेवावी आणि हॉलमध्ये संगीत चालू असू द्यावे, म्हणजे बासच्या हादऱ्याला प्रोग्रॅम हालचाल समजणार नाही. शांत खोलीत केलेले कॅलिब्रेशन भरल्या हॉलमध्ये उपयोगाचे नसते.

टर्नटेबलची अर्थिंगची तार मिक्सरला जोडायला विसरू नये, विशेषतः कार्यक्रम जनरेटरवर असेल तर.

खर्जातला

बफर_भरला यांचा प्रतिसाद छापून ठेवण्यासारखा आहे.

एक मुद्दा राहिला तो स्वराचा. रेकॉर्डचा वेग वाढवला की स्वरही चढतो. साधारण सहा टक्क्यांना एक अर्धस्वर, म्हणजे काळी एकमधले गाणे पांढरी दोनमध्ये जाते. जुन्या डीजेंच्या निवडीत या चढ-उताराचा हिशेब असे आणि त्यातून काही फार सुंदर अपघात घडत. लॅपटॉपमध्ये की-लॉक लावला की वेग बदलूनही स्वर जागेवर राहतो. सोय मोठी आहे हे मान्य, पण ढोलकी आणि तबल्याच्या बाबतीत माझा कान अजून तिला स्वीकारत नाही. सात-आठ टक्के ओढल्यावर चाटीची धार बोथट होते आणि थापेच्या मागे एक फिकट सावली ऐकू येते. गायकाचा आवाज मात्र बराच बरा टिकतो.

ठेकेदार

चाटीबद्दल पूर्ण सहमत. मी तालवाद्य प्रधान असेल तेथे की-लॉक बंद ठेवतो आणि गाणे तीन-चार टक्क्यांच्या पुढे ओढत नाही. त्याहून जास्त ओढावे लागत असेल तर ती जोडीच चुकली, असे समजून दुसरे गाणे शोधतो.

नवखा_४५

सर्वांचे प्रतिसाद वाचले. माझ्याकडे टर्नटेबल नाहीत आणि दोन घेण्याची ऐपतही तूर्त नाही. लॅपटॉप आहे. लॅपटॉपला यूएसबीने जोडायचा, बटणे-चकत्यांचा छोटा कंट्रोलर घेऊन सुरुवात केली तर ते शिकणे वाया जाईल का? आणि हल्ली बरेच डीजे लॅपटॉपही आणत नाहीत, नुसता पेनड्राइव्ह घेऊन येतात, मग हे सगळे कालबाह्यच नाही का?

बफर_भरला

वाया अजिबात जाणार नाही. कंट्रोलरवर मिक्सरची तोंडओळख, गेनची, म्हणजे आवाजाच्या पातळीची शिस्त आणि गाण्याची अंगरचना हे सगळे शिकता येते. फक्त सिंक बंद ठेवा आणि गाण्यांच्या यादीतला वेगाचा रकाना लपवून टाका. खर्च टाळायचा असेल तर 'मिक्स' (Mixxx) हा मुक्त स्रोत प्रोग्रॅम मोफत मिळतो, तो टाईमकोड रेकॉर्डही, म्हणजे वरच्या कंट्रोल रेकॉर्डही वाचतो, म्हणजे पुढे टर्नटेबल आले तरी चालेल.

पेनड्राइव्हबद्दल: पायोनियरचा सीडीजे-१००० हा डीजेंचा सीडी प्लेअर २००१ चा आणि गाणी तयार करून ठेवण्याचा रेकॉर्डबॉक्स हा प्रोग्रॅम २००९ चा. तेव्हापासून गाणी घरच्या संगणकावर तपासायची, त्यांवर क्यू पॉइंट, म्हणजे नेमक्या जागांच्या खुणा, लावायचे, ती पेनड्राइव्हवर उतरवायची आणि क्लबातल्या प्लेअरला लावायची, हा रिवाज रूढ झाला. लॅपटॉप मंचावरून उतरला एवढेच. काम त्याच्यावरच होते.

मांडवीकाठ

क्यू पॉइंटचा उल्लेख आला म्हणून एक भर. गाण्यातली नेमकी जागा खूण करून ठेवण्याची युक्ती संगणकाची नाही. न्यूयॉर्कच्या ब्राँक्समध्ये १९७३ साली कूल हर्क हा डीजे एकाच रेकॉर्डच्या दोन प्रती घेऊन नाचायला चांगला असलेला ब्रेकचा, म्हणजे नुसत्या ठेक्याचा भाग लांबवू लागला, पण तो सुई अंदाजाने टाकत असे. ग्रँडमास्टर फ्लॅश या डीजेने पुढे तबकडीवर मेणखडूने रेघ ओढली आणि ब्रेक सुरू होतो ती जागा घड्याळाच्या काट्यासारखी वाचायला सुरुवात केली. पडद्यावरचा रंगीत क्यू पॉइंट त्याच रेघेचा वंशज आहे. रेघ डोळ्यांनीच पाहायची असते, हे खर्जातला यांनी लक्षात घ्यावे.

खर्जातला

घेतले लक्षात. पण त्या रेघेपर्यंत तबकडी मागे फिरवताना हात किती फेऱ्या मोजतो, ते फ्लॅशला पाहावे लागत नव्हते. पडद्यावर बटण दाबले की उडी बसते आणि मोजणे संपते. माझा आक्षेप एवढ्याच जागेवर शिल्लक आहे, बाकी आपण माझे बरेच मत वळवलेत.

एक व्यावहारिक प्रश्न. मित्राच्या यंत्रणेवर मी खुणेचा स्टिकर लावलेली कंट्रोल रेकॉर्ड वापरली. सुरुवातीला स्टिकर बरोबर गाण्याच्या पहिल्या ठोक्याला सुईखाली येत होता. काही वेळ स्क्रॅच केल्यावर तो पाव फेरी मागे पडला. हे कशामुळे?

बफर_भरला

तुमचा मित्र बहुधा रिलेटिव्ह मोडमध्ये वाजवतो. त्या मोडमध्ये प्रोग्रॅम फक्त वेग आणि दिशा मोजतो, जागेचे आकडे पाहत नाही. त्यामुळे सुई उडाली किंवा क्यू पॉइंटवर उडी मारली की स्टिकर आणि गाणे यांची फारकत होते. अॅब्सोल्यूट मोडमध्ये हे होत नाही, पण तेथे सुई उडाली की गाणेही उडते आणि क्यू पॉइंटच्या उड्या मारता येत नाहीत. स्क्रॅचचा सराव अॅब्सोल्यूटमध्ये करा. वरातीतला यांच्यासारखे हलणाऱ्या मंचावर वाजवायचे असेल तर रिलेटिव्हच बरा.

आणि फार जोर लावत असाल तर रेकॉर्डखालची घसरती चकती, म्हणजे स्लिपमॅटही तपासा. रेकॉर्डचे मधले छिद्र सैल झाले असेल तर तबकडी खुंटीवर डोलते आणि अॅब्सोल्यूटमध्येही ठोका हलल्यासारखा वाटतो. छिद्राच्या कडेला कागदी टेपचा एक पातळ वेढा पुरतो.

वरातीतला

हलणारा मंच म्हणजे आमच्याकडे टेम्पोच. तेथे टर्नटेबल नेतच नाही, कंट्रोलर आणि खाली जाड फोम. दुसरा लॅपटॉप तीच गाणी घेऊन चालू स्थितीत मिक्सरच्या वेगळ्या चॅनेलला लावलेला असतो, वायफाय बंद, अपडेट बंद. एका संगीताच्या कार्यक्रमात पहिला लॅपटॉप ऐन प्रवेशाच्या गाण्यात गोठला होता. फेडर ढकलून दुसऱ्यावर गेलो तेव्हा चार मात्रा रिकाम्या गेल्या, आणि तेवढ्यात लोकांनीच टाळ्यांनी ठेका धरला. नवखा_४५ यांनी दुसऱ्या लॅपटॉपचा खर्च आताच डोक्यात ठेवावा. जुना, कमी ताकदीचा असला तरी चालतो.